स्विचांची चळत : प्रवेश, विन्यास आणि नायकाची निवड

महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात संगणकांची संख्या वाढते ती आराखड्याप्रमाणे वाढत नाही, अनुदानाप्रमाणे वाढते. एका वर्षी वीस यंत्रे येतात, दोन वर्षांनी आणखी तीस येतात, पुढे ग्रंथालयाला आणि कार्यालयाला जोडणी द्यावी लागते. आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातील लोखंडी कपाटात आणखी एक स्विच चढविला जातो. नाशिक येथील ज्या शिक्षणसंस्थांची जाले पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला, ती बहुतेक अशीच वाढलेली होती. सर्व काही सुरळीत चालू असेपर्यंत ह्या कपाटाकडे कोणी पाहत नाही. एकत्र बांधलेल्या स्विचांच्या समूहाचे स्वरूप काय, त्यात प्रवेश कसा करावा आणि त्याचा विन्यास कसा करावा, ह्यांचे विवेचन येथे करावयाचे योजिले आहे. विषय वरवर पाहता तंत्रज्ञाच्या हातकामाचा वाटतो. परंतु त्याच्या गाभ्याशी वितरित संगणनातील एक जुना प्रश्न दडलेला आहे, तो असा की, समान दर्जाच्या अनेक घटकांमधून एक नायक कसा ठरावा. हा प्रश्न ज्यास उमगला नाही त्याच्या हातून चळत बिघडते. आमच्या हातून ती बिघडलेली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. 'स्विच' हा शब्द येथे भिंतीवरील विजेच्या कळीच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. संगणकाकडून आलेली माहितीची चौकट कोणत्या पत्त्यासाठी आहे हे वाचून ती नेमक्या त्याच पोर्टाकडे धाडणारे जे उपकरण, तो स्विच. अनेक स्विच विशेष तारांनी बांधून त्यांचे जणू एकच मोठे उपकरण केले म्हणजे त्यास इंग्रजीत स्टॅक म्हणतात. आम्ही त्यास 'चळत' म्हणू. भाकरींची किंवा वह्यांची चळत आपल्या परिचयाची आहेच. ज्याला व्यवहारात कॉन्फिगरेशन म्हणतात त्यास 'विन्यास', आणि समूहातील प्रमुख स्विचास 'नायक' असे शब्द योजिले आहेत. उरलेल्या संज्ञा जशा रूढ आहेत तशाच ठेवल्या आहेत.

स्विच पत्ते शिकतो कसे, हे पदव्युत्तर वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक जालपत्रकास ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. त्यातील पहिले २४ बिट आय-ट्रिपल-ई ही संस्था निर्मात्यास नेमून देते आणि उरलेले निर्माता स्वतः भरतो. कोणत्या पोर्टाकडून कोणता पत्ता आला ह्याची नोंद स्विच ठेवतो, आणि काही काळ, बहुधा ३०० सेकंद, तो पत्ता पुन्हा आढळला नाही तर ती नोंद पुसून टाकतो. एका स्विचावर २४ किंवा ४८ पोर्ट असतात. ते संपले म्हणजे दुसरा स्विच आणून साध्या तारेने पहिल्यास जोडावा, हा सोपा मार्ग. परंतु असे चार-पाच स्विच झाले म्हणजे दोन अडचणी उद्भवतात. प्रत्येकाचा पत्ता निराळा, परवलीचा शब्द निराळा, विन्यास निराळा. एक नवा व्हीलॅन घालावयाचा तर पाच ठिकाणी जावे लागते, आणि चार ठिकाणी केलेले काम पाचव्या ठिकाणी विसरते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एक तार तुटली तरी जाल चालावे म्हणून दुसरी तार लावली की वर्तुळ तयार होते, आणि ईथरनेटच्या चौकटींना आयुष्याची मर्यादा नसल्यामुळे त्या वर्तुळात त्या फिरतच राहतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली व्याप्तवृक्षाची रीत ह्यावरचा उपाय होय. परंतु त्या रीतीत जादा तार बंद करून ठेवावी लागते. म्हणजे तारेचे मोल दिले, तिचा उपयोग मात्र पहिली तार तुटेपर्यंत नाही.

चळत ह्या दोन्ही अडचणी एकदम सोडविते. स्विचांच्या पाठीमागे असलेल्या खास पोर्टांतून आखूड, जाड तारा काढून पहिला दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास आणि शेवटचा पुन्हा पहिल्यास जोडतात. हे वर्तुळ अंतर्गत असते आणि त्यावरील वाहतूक निर्मात्याने आपल्या रीतीने नियंत्रित केलेली असते. म्हणून येथे वर्तुळाचे भय नाही. बाहेरच्या जगास सर्व मिळून एकच स्विच दिसतो. त्याचा आयपी पत्ता एक, विन्यासाची संचिका एक. शिवाय वरच्या जालाकडे जाणाऱ्या दोन तारा दोन निरनिराळ्या घटकांतून काढून त्यांची एकच जोडी बांधता येते, आणि एक घटक बंद पडला तरी दुसरी तार वाहती राहते. सिस्को कंपनीने २००३ मध्ये कॅटलिस्ट ३७५० ह्या मालिकेबरोबर स्टॅकवाइज ही रचना आणली. तीत नऊपर्यंत स्विच जोडता येत आणि वर्तुळाची क्षमता सेकंदास ३२ गिगाबिट असे. ज्युनिपरच्या ईएक्स ४२०० मालिकेत, 'व्हर्च्युअल चॅसी' ह्या नावाने, दहा घटकांची सोय होती. पुढे क्षमता पुष्कळ वाढल्या. तत्त्व तेच राहिले. मात्र हे सर्व निर्मात्याचे खाजगी शास्त्र आहे. त्यास सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचा स्विच दुसरीच्या चळतीत बसत नाही, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मालिकाही परस्परांशी जुळत नाहीत. खरेदीच्या निविदा लिहिणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

चळतीतील श्रमविभागाची कल्पना येण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. बागलाणात मोसम आणि आरम ह्या नद्यांच्या काठी फड पद्धतीचे सिंचन शेकडो वर्षे चालत आले. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत विभागलेली असते आणि पाणी पाळीने एकेका फडाला मिळते. शेते अनेकांची असतात. परंतु पाटाचे पाणी कोणत्या वेळी कोठे सोडावयाचे हे ज्याचा तो ठरवीत नाही, ते काम पाटकऱ्याकडे. पाणी मात्र पाटकऱ्याच्या हातातून जात नाही. ते चाऱ्यांतून आपल्या वाटेने वाहते. चळतीचेही असेच आहे. चौकटी पुढे धाडण्याचे काम प्रत्येक घटक आपापल्या पोर्टांवर स्वतः करतो. कोणत्या नियमाने धाडावयाच्या हे नायक ठरवितो. शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर नियंत्रणस्तर एकाच ठिकाणी आहे आणि वहनस्तर सर्वत्र पसरलेला आहे. एका पाटावर दोन पाटकरी एकाच वेळी हुकूम देऊ लागले तर काय होईल हे वाचकाने मनाशी योजून ठेवावे. तो प्रसंगही चळतीवर येतो.

आता नायकाच्या निवडीकडे वळू. चळतीतील स्विच जाती-गुणाने सारखे असतात. त्यांपैकी नायक कोण? वर्तुळात नायक निवडण्याचा प्रश्न जेरार्ड ल लान यांनी १९७७ मध्ये मांडला आणि अर्नेस्ट चँग व रोझमेरी रॉबर्ट्स यांनी १९७९ मध्ये त्यावर आपली सुप्रसिद्ध रीत दिली. प्रत्येक घटक आपला क्रमांक शेजाऱ्याकडे धाडतो. आलेला क्रमांक आपल्याहून मोठा असेल तर तो पुढे जाऊ देतो, लहान असेल तर गिळून टाकतो. ज्याचा क्रमांक फिरून त्याच्याकडेच परत येतो तो नायक. ही रीत क्रमांक भिन्न असल्याशिवाय चालत नाही. १९८० मध्ये डॅना अँग्लुइन यांनी सिद्ध केले की, सर्व घटक अगदी एकसारखे असून त्यांना स्वतःची ओळख नसेल, तर केवळ निश्चयात्मक रीतीने वर्तुळात नायक निवडणे शक्यच नाही. युक्तिवाद साधा आहे: सर्वांची आरंभीची स्थिती सारखी आणि सर्वांना येणारे निरोपही सारखे, मग पुढच्या प्रत्येक पायरीवर सर्वांची स्थिती सारखीच राहणार, आणि एक स्वतःला नायक म्हणेल त्या क्षणी सर्वच म्हणतील. ही समरूपता मोडण्यासाठी काहीतरी भिन्न असावेच लागते. स्विचांच्या बाबतीत ते भिन्न तत्त्व म्हणजे मॅक पत्ता. प्रत्येक निर्मात्याच्या नियमांत, बाकी सर्व निकष समान ठरले तर, शेवटी मॅक पत्त्याची तुलना येते ती ह्यासाठी. अनेक रचनांत लहान पत्त्याचा स्विच नायक होतो.

परंतु हा शेवटचा निकष आहे, हे विसरता कामा नये. आरंभीचे निकष सिस्कोच्या रचनेत साधारणपणे असे असतात : जो आधीच नायक आहे तो राहतो, तसा कोणी नसेल, किंवा दोन नायक समोरासमोर आले, तर ज्याचा प्राधान्यांक मोठा तो जिंकतो. प्राधान्यांक १ ते १५ असतो आणि कारखान्यातून येताना तो सर्वांचा १ असतो. म्हणजे ज्या विभागाने प्राधान्यांक कधीच ठरविला नाही, त्याने आपल्या जालाचे नेतृत्व स्विच चालू होण्याच्या क्रमावर आणि कारखान्यात कोणता पत्ता कोणत्या खोक्यात पडला ह्या योगायोगावर सोपविले आहे. त्या योगायोगाने सर्वांत जुना, पंखा कुरकुरणारा स्विचही नायक होऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी की, निवडणुकीस वेळेची मर्यादा असते. उपकरणाच्या जातीप्रमाणे ती दहा-वीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत असते. उशिरा जागा झालेला स्विच, त्याचा प्राधान्यांक १५ असला तरी, साधा सदस्य म्हणून दाखल होतो. वीज जाऊन परत आल्यावर नायक बदललेला आढळतो त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, कपाटातील निम्मे स्विच बॅटरीवर आहेत आणि निम्मे थेट भिंतीवर.

प्रवेशाचे दोन मार्ग आहेत. नव्या चळतीस अद्याप पत्ता नसतो, म्हणून पहिला प्रवेश कन्सोल पोर्टातून करावा लागतो. संगणकास यूएसबीची तार, तिच्या दुसऱ्या टोकास आरजे-४५ चे टोक, आणि संगणकावर एखादी टर्मिनलची आज्ञावली. वेग ९६००, माहितीचे बिट ८, समता नाही, थांबा बिट १. ही चार मूल्ये चुकली तर पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा उमटतो आणि नवखा माणूस स्विच बिघडला असे समजतो. तार कोणत्याही घटकाच्या कन्सोलास लावली तरी बोलणे सामान्यतः नायकाशीच होते. त्यामुळे 'मी तिसऱ्या स्विचास आज्ञा दिली' असे म्हणण्यात बहुधा अर्थ नसतो. दुसरा मार्ग जालावरून. त्यासाठी व्यवस्थापनाचा म्हणून एक वेगळा व्हीलॅन करून त्यावर चळतीस एक आयपी पत्ता द्यावा आणि प्रवेश एसएसएचनेच ठेवावा. टेलनेटमध्ये परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत तारेवरून जातो; ज्या विभागात विद्यार्थ्यांना चौकटी टिपून वाचावयास आपणच शिकवितो, त्या विभागात टेलनेट चालू ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच टांगून ठेवणे होय.

आत गेल्यावर पहिली आज्ञा 'शो स्विच'. ती घटकांचा तक्ता दाखविते : कोणाचा क्रमांक कोणता, नायक कोण, प्राधान्यांक किती, स्थिती काय. स्थितीच्या रकान्यात 'रेडी' नसून आवृत्ती जुळत नाही अशा अर्थाचा शेरा असेल तर त्या घटकाची आज्ञावली निराळ्या आवृत्तीची आहे. तो तारेने बांधलेला असूनही कामात नाही. म्हणून सर्व घटकांवर एकच आवृत्ती चढविणे हे तारा जोडण्याच्या आधीचे काम आहे. पुढे नायक ज्यास करावयाचा त्यास 'स्विच १ प्रायॉरिटी १५' अशी आज्ञा द्यावी, त्याच्या मागे जो यावयाचा त्यास १४, आणि बाकीच्यांस खालचे अंक. आज्ञा दिल्याबरोबर नायक बदलत नाही. तो पुढच्या निवडणुकीत बदलतो. ह्यामुळे पुष्कळांची समजूत होते की आज्ञा लागूच झाली नाही.

घटकाच्या क्रमांकाचे महत्त्व प्राधान्यांकाहून तसूभरही कमी नाही. पोर्टाचे नाव तीन आकड्यांचे असते : गिगाबिट २/०/१७ म्हणजे दुसऱ्या घटकावरील सतरावे पोर्ट, मधला आकडा पोटविभागाचा. विन्यासाची संचिका पोर्टास ह्या नावाने ओळखते. लोखंडी खोके तिला ठाऊक नसते. आता समजा, कपाटात वरून तिसऱ्या स्थानी असलेल्या स्विचाचा क्रमांक २ आहे आणि तो दिसायला नीट नाही म्हणून कोणी 'स्विच २ रिनंबर ३' अशी आज्ञा दिली. स्विच पुन्हा चालू झाल्यावर त्याचा क्रमांक ३ होतो. परंतु २/०/१७ चा विन्यास त्याच्याबरोबर येत नाही. तो संचिकेत दोन क्रमांकाच्या रिकाम्या जागेची वाट पाहत राहतो, आणि स्विचाची पोर्टे तीन क्रमांकाच्या नावाने जे काही लिहिलेले असेल ते, किंवा काहीच नसेल तर कारखान्यातील कोरी स्थिती, धारण करतात. परीक्षा विभागाच्या व्हीलॅनमधील यंत्र अशा वेळी मूळ व्हीलॅनमध्ये येऊन पडते. म्हणून क्रमांक बदलावयाचे ते आरंभीच, विन्यास लिहिण्यापूर्वी. ह्याच गुणाचा सदुपयोगही होतो : जो स्विच अजून आलेला नाही त्याच्या क्रमांकाने व प्रकाराने जागा आधीच राखून, त्याच्या पोर्टांचा विन्यास लिहून ठेवता येतो.

आता ती हकीकत. आमच्या चळतीत तीन स्विच होते आणि चौथा एका बंद झालेल्या कार्यालयाकडून विनामूल्य मिळाला. तो जुना असल्याने आम्ही त्याचा विन्यास पुसला, त्यास कोरा करून घेतला, आणि एका गुरुवारी दुपारी, प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना, चालू स्थितीतच त्याच्या तारा चळतीस जोडल्या. चार यंत्रांची सोय करण्याची घाई होती. जोडल्यानंतर काही क्षणांत जुने तीनही स्विच एकदम बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागले. मिनिटे गेली, ते चालू झाले, पण जाल आले नाही. 'शो स्विच' दिली तेव्हा नवागत हा नायक होता आणि आमचा चार वर्षांचा विन्यास कोठेही नव्हता.

कारण नंतर उलगडले. विन्यास पुसला तरी घटकाचा क्रमांक आणि प्राधान्यांक पुसले जात नाहीत. ते संचिकेत नसून स्विचाच्या स्वतःच्या स्थायी स्मृतीत असतात. जुन्या कार्यालयात तो स्विच नायक होता आणि त्याचा प्राधान्यांक १५ होता. आमच्या तिघांचा प्राधान्यांक कोणी कधी बदललाच नव्हता. चालू असलेला स्विच चळतीस जोडणे म्हणजे एक सदस्य वाढविणे नव्हे. ते दोन चळतींचे विलीनीकरण होय, मग त्यांपैकी एक चळत एकाच स्विचाची का असेना. दोन नायक समोरासमोर आले, मोठ्या प्राधान्यांकाचा जिंकला, हरलेल्या चळतीचे सर्व घटक नियमाप्रमाणे पुन्हा चालू झाले आणि त्यांनी नव्या नायकाचा विन्यास स्वीकारला. तो विन्यास आम्हीच कोरा करून ठेवलेला होता. यंत्राने कोठेही चूक केली नाही. विन्यासाची एक छापील प्रत, दीड वर्षापूर्वीची, फायलीत सापडली. त्यावरून संध्याकाळपर्यंत हाताने सर्व लिहून काढले, आणि त्या दीड वर्षात झालेले बदल पुढील दोन आठवडे तक्रारींच्या रूपाने परत मिळत गेले. विद्यार्थ्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी लागली. त्यांच्यापैकी एकाने, अर्धा कार्यक्रम लिहून झालेला असताना पडदा गोठला म्हणून, दोष आपलाच असेल असे समजून तो पुसून पुन्हा आरंभ केला होता. ही गोष्ट आम्हांस विन्यासाच्या हानीपेक्षा अधिक लागली.

नवा स्विच जोडण्याची निर्धोक रीत ह्यावरून सहज निघते. तो आधी स्वतंत्र टेबलावर चालू करावा. आवृत्ती, क्रमांक आणि प्राधान्यांक पाहून प्राधान्यांक १ करावा. मग वीज काढावी. विजेविनाच तारा जोडाव्या आणि नंतर चालू करावा. तो जागा होईल तेव्हा चळतीत नायक आधीच असेल, आणि तो निमूटपणे सदस्य होईल. ह्या सर्वांच्या आधी चालू विन्यासाची एक प्रत चळतीबाहेर, दुसऱ्या संगणकावर, तारखेसह ठेवलेली असावी.

दोन पाटकऱ्यांचा प्रसंग राहिला. वर्तुळाची एक तार निखळली तर चळत चालूच राहते. फक्त वर्तुळाची रेषा होते आणि क्षमता निम्मी उरते. हे कोणास कळत नाही, कारण कोणाचेच काम थांबत नाही. धोका ह्यातच आहे. दुसरी तार निखळली की चळतीचे दोन तुकडे होतात, नायकाविना उरलेला तुकडा आपला नायक निवडतो, आणि दोन्ही तुकड्यांकडे एकच संचिका असल्याने दोघेही एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगतात. बाहेरून प्रवेश करू पाहणारा कधी एका तुकड्यात पोहोचतो, कधी दुसऱ्यात. एचपीच्या आयआरएफ रचनेत असे दोन नायक ओळखून एकास गप्प करण्याची स्वतंत्र सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते. जेथे अशी सोय नाही तेथे उपाय एकच, तो म्हणजे पाठीमागील तारांची स्थिती दाखविणारी आज्ञा महिन्यातून एकदा देऊन पाहणे. उंदीर, झाडू आणि रंगाऱ्यांची शिडी ह्यांचा तारांशी असलेला संबंध कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेला नाही.

चळत सर्वत्र योग्य असे मात्र आमचे मत नाही. नियंत्रण एकाच ठिकाणी असल्यामुळे आज्ञावलीतील एखादा दोष सर्व घटकांना एकदम ग्रासतो, आणि आवृत्ती बदलताना बहुधा सर्व पोर्टे एकदम बंद होतात. मजल्यावरील प्रयोगशाळेस, जेथे पोर्टांची संख्या आणि व्यवस्थापनाची सुलभता महत्त्वाची, तेथे ती उत्तम. ज्या मध्यवर्ती ठिकाणी क्षणभरही खंड चालत नाही तेथे दोन स्वतंत्र स्विच, स्वतंत्र नियंत्रणासह, ठेवण्याकडे आमचा कल आहे, मग विन्यास दोनदा लिहावा लागला तरी चालेल.

शेवटी, मृत घटक बदलण्याविषयी. नवा स्विच त्याच प्रकाराचा व आवृत्तीचा घेऊन त्यास मृत घटकाचाच क्रमांक दिला आणि वर सांगितल्याप्रमाणे वीज काढून जोडला, तर चळत त्याच्या पोर्टांचा जुना विन्यास त्यास आपण होऊन देते. एक अक्षर लिहावे लागत नाही. अट एवढीच की, मृत झालेला कोणता हे आधी ठाऊक पाहिजे, आणि तारा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत लागल्या पाहिजेत. कॅटलिस्ट ३७५० सारख्या स्विचांवर पुढील बाजूस एक लहान बटण असते. ते दाबत जाऊन 'स्टॅक' हा दिवा लावला की पोर्टांच्या दिव्यांपैकी घटकाच्या क्रमांकाचा दिवा लुकलुकू लागतो, आणि कोणते खोके कितवे हे संगणकाविना कळते. जो घटक मेला त्याचा दिवा मात्र लागणार नाही. म्हणून सर्व जिवंत असतानाच हे क्रमांक पाहून, कागदाच्या पट्टीवर शाईने लिहून, प्रत्येक खोक्याच्या दर्शनी भागावर चिकटवून ठेवावेत.